बालवाडीच्या पहिल्या दिवसासाठी मुलाची तयारी कशी करावी

तीन वर्षांच्या मुलाला एबीसीडी किंवा अंक येत नसले, तरी बालवाडीत त्याचं काहीच अडत नाही. अडतं ते चड्डीचं बटण निघत नाही तेव्हा, डब्याचं झाकण उघडत नाही तेव्हा. सगळ्यात जास्त अडतं ते आई कुठे गेली आणि कधी येणार हे कळत नाही तेव्हा. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत पाटी-पेन्सिल हातात देण्याऐवजी या तीन गोष्टींवर वेळ घालवा, असं माझं ठाम मत आहे. महाराष्ट्रात बहुतेक बालवाड्या जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. म्हणजे दीड-दोन महिने हाताशी असतात आणि तेवढे पुरतात.

१. आधी दूर राहण्याची सवय

याला सगळ्यात जास्त वेळ द्या. जे मूल आईबाबांशिवाय कधीच राहिलेलं नाही, त्याला एकदम तीन तास अनोळखी खोलीत बसवणं हा त्याच्यासाठी मोठा धक्का असतो. सुरुवात पंधरा मिनिटांपासून करा. आजीजवळ किंवा शेजारच्या काकूंकडे ठेवून खाली भाजी घेऊन या. नंतर अर्धा तास, मग दीड तास. प्रत्येक वेळी सांगून जायचं आणि सांगितल्या वेळेला परत यायचं.

आपल्याकडे घरातली मोठी माणसं हटकून म्हणतात, ‘तो खेळतोय तोवर गुपचूप सटक, नाहीतर रडेल.’ हे कृपा करून करू नका. त्या वेळचं रडणं टळतं, पण आई न सांगता नाहीशी होऊ शकते हे मूल शिकतं आणि मग घरातसुद्धा पदर सोडत नाही. ‘मी जाऊन येते’ म्हणा, रडलं तरी म्हणा.

इतक्या लहान मुलाला घड्याळ कळत नाही, क्रम कळतो. ‘बारा वाजता येते’ याला त्याच्या लेखी अर्थ नसतो. ‘आधी गाणी, मग डबा, मग घसरगुंडी, आणि मग बाबा गेटवर’ हे त्याला नीट समजतं. शाळेचा रोजचा क्रम बाईंना विचारून घ्या आणि तोच शब्दांत बांधा.

२. शाळा घरी खेळा

बालशिक्षणाचं मोठं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर भागातल्या बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर काम करताना एक साधी गोष्ट केली. मुलं बालवाडीपर्यंत येत नव्हती, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ओळखीच्या जागी, ओळखीच्या माणसांसमोर मूल नव्या गोष्टीला लवकर हात घालतं. आपल्या फ्लॅटमध्येही हे जमतं. चटई अंथरा, बाहुल्यांना ओळीत बसवा, हजेरी घ्या. कधी मुलाला बाई होऊ द्या आणि तुम्ही रडणारं मूल व्हा. ते तुमची समजूत कशी काढतं ते ऐका, त्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज तिथेच येतो.

शाळा परवानगी देत असेल तर आधी एकदोनदा नेऊन वर्ग, अंगण आणि मुख्य म्हणजे संडास दाखवा.

या दिवसांत घरातलं एक वाक्य मात्र बंद करा: ‘थांब, शाळेत गेल्यावर बाई चांगलं सरळ करतील.’ ज्या बाईंच्या मांडीवर त्याला पहिल्या दिवशी शांत व्हायचंय, त्यांचाच धाक आधी घालायचा, हे त्या जिवावर अन्याय करणारं आहे.

३. शी-शू आणि कपडे

डायपर सोडवायचं असेल तर उन्हाळा बरा, ओले कपडे पटकन वाळतात. शाळेच्या तोंडावर घाई करू नका. घरी कमोड आणि शाळेत भारतीय पद्धतीचा संडास असेल तर उकिडवं बसण्याचा सराव करून घ्या, नाहीतर मूल शाळाभर शू धरून ठेवतं. इलॅस्टिकची चड्डी, वेलक्रोचे बूट. पट्टा, हुक, नाडी काही नको.

तुमच्या घरात शूसाठी, पाण्यासाठी, झोपेसाठी जे शब्द असतील, ते चिठ्ठीवर लिहून बाईंना द्या. घरात मराठी, कोकणी किंवा अहिराणी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची, असं असेल तर ही चिठ्ठी फारच महत्त्वाची. ‘मम पाहिजे’ म्हणणाऱ्या मुलाला पाणी हवंय हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार?

४. डबा आणि झोप

शाळेत न्यायचा तोच डबा आणि तीच बाटली महिनाभर घरी वापरा. झाकण स्वतःला उघडता आलं पाहिजे. पहिल्या आठवड्यात डब्यात नवे प्रयोग नकोत. तूप-गुळाच्या पोळीचा रोल, छोटी थालिपीठं, इडलीचे तुकडे असं हाताने उचलून खाता येईल ते द्या. घरी भरवायची सवय असेल तर आतापासून निदान एक जेवण त्याच्या हातानं होऊ द्या, सांडलं तरी.

या वयाला दुपारची डुलकी धरून १० ते १३ तास झोप लागते. सुट्टीत रात्री अकरापर्यंत जागणारं मूल सकाळी सातला उठवलं तर गेटवर रडणारच. शाळेच्या दोन-तीन आठवडे आधीपासून झोपायची वेळ दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा.

लसीकरणाचं कार्डही याच वेळी काढून बघा. दीड-दोन वर्षांचे बूस्टर डोस राहिले असतील तर घेऊन टाका. पहिल्या पावसाळ्यात सर्दी-खोकला वारंवार होतो. ताप असताना मात्र शाळेत पाठवू नका.

५. पहिला दिवस

निरोप छोटा ठेवा. एक पापी, एक टाळी, ‘डबा आणि खेळ झाला की येते’, आणि वळा. पुन्हा पुन्हा मागे फिरलात किंवा खिडकीतून डोकावलात तर शांत होत आलेलं मूल परत रडतं. आईला सोडवत नसेल तर बाबांनी किंवा आजोबांनी पोहोचवावं. घरचा रुमाल किंवा लाडकं छोटं खेळणं जवळ ठेवू देतात का, तेही विचारा.

आणि घ्यायला वेळेआधी पोहोचा. सगळी मुलं गेली आणि आपण एकटेच उरलो, हा अनुभव पहिल्या आठवड्यात तरी कुणाला येऊ नये.

घरी आल्यावर ‘आज काय शिकवलं?’ विचारू नका. खायला द्या, जवळ घ्या. बोलणं आंघोळीच्या वेळी किंवा झोपताना आपोआप निघतं.

६. नंतरचे आठवडे

बरीच मुलं दोन-तीन आठवड्यांत रुळतात. घरी चिडचिड वाढणं, रात्री गादी ओली होणं हे काही दिवस चालतं, त्यावरून रागावू नका. तीन-चार आठवड्यांनंतरही मूल दिवसभर रडत असेल, खात नसेल, तर बाईंशी बसून बोला. एखाद्या विशिष्ट माणसाचं नाव काढताच ते घाबरत असेल, तर ‘नाटक करतोय’ म्हणून सोडून देऊ नका. त्याचं ऐका आणि लगेच चौकशी करा.

गणपतीच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतर बहुधा रडं परत येतं. घाबरू नका, सुट्टीच्या शेवटच्या दोन दिवसांत झोपेची वेळ पुन्हा जागेवर आणा आणि गेटवरचा तोच छोटा निरोप चालू ठेवा. या वेळी रुळायला पहिल्याइतके दिवस लागत नाहीत.