नागपूरहून वीस जणं कोकणातल्या हर्णैला: घर भाड्यानं घेताना काय विचारायचं

समृद्धी महामार्गाचेच ७०१ किमी, मग पुढे घाट, म्हणून दोन रात्रींसाठी जाऊच नका भाऊ, चार तरी धरा. "वीस जण झोपतात" म्हटलं की समजायचं हॉलमध्ये गाद्या टाकणार, तेव्हा आधी संडास-बाथरूम किती ते विचारा, पाच-सहा जणांमागे एक नसेल तर सकाळी रांग लागून राहते. बस दारापर्यंत येते का तेही विचारा, कोळीवाड्यातल्या गल्ल्या अरुंद असतात. इन्व्हर्टर, पाण्याची टाकी, झालं.

खरी गोष्ट किचनची. मच्छी शिजवू देतात का आणि मोठी गंजं (पातेली) आहेत का हे फोनवरच पक्कं करा, कारण संध्याकाळी बंदरावर लिलाव होतो तिथे माल टोपलीनं जातो, आपल्यासारख्या मोठ्या ग्रुपला तो परवडते. साफ तिथेच करून घ्या. आम्ही सावजी मसाला नेला होता, सुरमईची पार वाट लावली बे.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मच्छीसाठी जाऊ नका. आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास येणारच, घरच्या शाकाहारी मंडळींना निघायच्या आधीच सांगून ठेवा.