साँ-मालोला जाताय? आधी भरतीचा तक्ता बघा, आणि या चुका टाळा

उन्हाळा लागला की पॅरिसमधल्या मराठी घरांत पाहुण्यांची रीघ लागते. आयफेल टॉवर, लूव्र झालं की कोणीतरी विचारतंच, "इथून समुद्र जवळ आहे का गं?" मग साँ-मालोचं नाव निघतं. फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांतातलं हे तटबंदीचं जुनं बंदर पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनातून थेट टीजीव्ही, म्हणजे इथली वेगवान रेल्वे, मिळाली तर सव्वादोन-अडीच तासांवर आहे. गाव देखणं आहे, त्यात वादच नाही. पण तिथे जाऊन लोक त्याच त्या चुका करतात, सांगूनसुद्धा करतात. म्हणून आता एकदाच लिहून ठेवते.

ओहोटी म्हणजे मोकळं रान समजणं

सगळ्यात मोठी आणि माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक हीच. मुंबईत पाच मीटरच्या आसपासची भरती आली की बातमी होते. साँ-मालोत मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांतला फरकच बारा-तेरा मीटरपर्यंत जातो. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या भरत्यांपैकी ही एक. तटासमोर ग्राँ बे नावाचं बेट आहे. 1848 मध्ये वारलेला लेखक शातोब्रियाँ, याच गावचा, तिथे समुद्राकडे तोंड करून पुरलेला आहे. थडग्यावर नाव नाही, नुसता दगडी क्रूस. ओहोटीला बों-सकूरच्या पुळणीवरून फरसबंद वाटेने चालत जाता येतं आणि भरतीला ती वाट पाण्याखाली जाते.

लोक तक्त्यात ओहोटीची वेळ बघतात, समजा दुपारी अडीच. आणि अडीच वाजले तरी जेवत बसतात, कारण "आता सहा तास आहेत की!" नाहीत हो. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम बाराव्या हिश्शाने वाढतं, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन. म्हणजे तुम्ही निवांत फोटो काढत असता तेव्हाच पाण्याला खरा वेग येतो.

माझा मामेभाऊ सहकुटुंब आला होता तेव्हा हे सगळं मी त्याला गाडीत समजावलं. तो म्हणाला, "अगं, हाजी अलीला जन्मभर जातोय मी." उधाणाचे दिवस होते. जेवण, मग आइस्क्रीम, मग दुकानं, असं करत हा बायको-मुलांना घेऊन साडेतीन वाजून गेल्यावर निघाला. मामींचा गुडघा दुखत होता म्हणून मी त्यांच्यासोबत तटावरच थांबले. चारला फोन केला, "दादा, परत फिर." तर म्हणे, "तू फार घाबरतेस. अख्खी वाळू कोरडी दिसतेय." पाचच्या सुमाराला वाटेच्या दोन्ही बाजूंनी पाणी आलं. आधी फरशांच्या फटींतून चमकायला लागलं, मग फरशाच दिसेनाशा झाल्या. मंडळी खाली उतरली तोवर मधला भाग गुडघाभर बुडालेला, आणि ओढ अशी की धाकट्याची चप्पल एका झटक्यात गेली. मी फोनवर एकच ओरडले, "पाण्यात पाय घालू नकोस, वर जा." नशीब, तेवढं ऐकलं.

बेटावर ना टपरी, ना शौचालय. उन्हाळ्यातसुद्धा वारा असा की दात वाजतात. वाट पुन्हा मोकळी झाली तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. पॅरिसची परतीची गाडी गेली, तिकिटांचे पैसे बुडाले, आणि ऐन मोसमात रात्री खोली शोधताना जे झालं ते वेगळंच. मामी तटावर शांतपणे म्हणाल्या, "लहानपणीही याला वेळेवर उठून घरी येणं जमायचं नाही."

माझी सवय साधी आहे. ओहोटीच्या दोन तास आधी, पाणी उतरत असतानाच बेटावर जायचं. घड्याळात ओहोटीची वेळ झाली की सगळे उठून चालायला लागायचे. कोणाचा फोटो राहिला तर राहिला. तक्ता पर्यटन कार्यालयात मिळतो, पण त्यातल्या वेळा उन्हाळी घड्याळाच्या आहेत का हे विचारून घ्या. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर इथलं घड्याळ एक तास पुढे असतं. वेळेशेजारी 20 ते 120 मधला एक आकडा छापलेला असतो, तो भरतीचा जोर. शंभराच्या वर असेल तर हुशारी बंद. अडकलातच तर बेटाच्या वरच्या भागात थांबा. जिवावर बेतलं तर समुद्री बचावासाठी 196, एरवी 112.

प्ती बे हा ग्राँ बेच्या पुढच्या बेटावरचा किल्ला, त्याची वाट आणखी लवकर बुडते. फोर नासिओनाल हा दुसरा किल्ला 1689 चा, चौदाव्या लुईचा किल्लेतज्ज्ञ व्होबाँ याच्या आराखड्यावर बांधलेला. त्यावर झेंडा दिसला तरच तो उघडा असतो, उगाच वाळू तुडवत जाऊ नका.

बों-सकूरचा तलाव शोधत फिरणं

पुळणीवर समुद्राच्या पाण्याचा पोहण्याचा तलाव आहे, 1937 चा. भरतीला तो अख्खा बुडतो आणि नुसता उडी मारायचा मनोरा पाण्याबाहेर उरतो. "तलाव कुठाय?" म्हणून लोकांना विचारत बसू नका. आणि पाणी ऑगस्टमध्येही थंडगार असतं, लहान मुलांना एकदम ढकलू नका.

मों साँ-मिशेल आणि साँ-मालो एकाच दिवसात, तेही पॅरिसहून

ही दुसरी माझी नावडती गोष्ट. मों साँ-मिशेल म्हणजे समुद्रातल्या खडकाळ डोंगरावरचा तो प्रसिद्ध मठ. नकाशावर दोन्ही शेजारी दिसतात, म्हणून उत्साही माणूस दोन्ही ठिकाणं एका दिवसात कोंबतो. दोहोंमध्ये पन्नासच्या वर किलोमीटर अंतर आहे, बस मोजक्या, आणि मों साँ-मिशेलला गाडी लावायची जागा मूळ डोंगरापासून अडीच किलोमीटरवर. तिथून पुढे शटल किंवा पायपीट. असं करणारे लोक संध्याकाळी साँ-मालोत पोचतात, तटावर उभं राहून सेल्फी काढतात आणि "छोटंसंच आहे" म्हणतात. छोटं नाही, तुम्ही पळत आहात. एक रात्र राहा. म्हणजे एक भरती आणि एक ओहोटी दोन्ही उजेडात बघायला मिळतात, आणि गाव कळायला तेवढं तरी लागतंच.

तटाला एकच फेरी मारून निघणं

फेरी पावणेदोन किलोमीटरची, फुकट. आत दिसणारी बरीचशी ग्रॅनाइटची घरं मात्र जुनी नाहीत. दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट 1944 मध्ये, तटाच्या आतलं गाव सुमारे ऐंशी टक्के उद्ध्वस्त झालं आणि पुढची बरीच वर्षं जुन्या वळणाने पुन्हा बांधलं गेलं. हे माहीत नसलेले लोक "किती प्राचीन!" म्हणून फोटो टाकतात. खरं काय झालं ते बघायचं तर आलेतच्या टेकडीवर जा. तिथे जर्मन सैन्याचे पोलादी घुमट तसेच आहेत, आणि तोफगोळ्यांनी पाडलेल्या खड्ड्यांत हात घालून बघता येतो. फार कमी पाहुणे तिकडे फिरकतात. मी प्रत्येकाला नेते, कुरकुर ऐकूनही.

आपल्या लोकांनी न बघता पुढे जाऊ नये अशी आणखी एक गोष्ट. तटावर रोबेर सुरकूफचा, म्हणजे सरकारी परवान्याने शत्रूची जहाजं लुटणाऱ्या इथल्या दर्यावर्दीचा, पुतळा आहे, बोट समुद्राकडे रोखलेलं. याच माणसाने 1800 मध्ये बंगालच्या उपसागरात ईस्ट इंडिया कंपनीचं 'केंट' हे त्याच्या जहाजापेक्षा कितीतरी मोठं जहाज पकडलं होतं. आणि 1746 मध्ये इंग्रजांकडून मद्रास घेणारा फ्रेंच आरमारी अधिकारी ला बुर्दोने याच गावात जन्मला. पुतळ्याखाली बसून आइस्क्रीम खाणाऱ्या बहुतेकांना याचा पत्ता नसतो.

बाकीच्या, एकेका ओळीच्या

उधाणाच्या दिवशी सियोंच्या बांधावर कठड्याला टेकून फोटो काढू नका. लाट रस्त्यावर येते, मोबाइल घेऊन जाते.

समोरच्या काठावरच्या दिनार गावाला टॅक्सीने जाऊ नका, होडीने दहा मिनिटं लागतात. घरात इंजिनिअर असेल तर मात्र राँस नदीवरच्या धरणावरून न्या. भरतीवर वीज करणारं हे केंद्र 1966 पासून चालू आहे, 24 टर्बाइन, 240 मेगावॉट.

उघड्यावर सँडविच खाताना वर बघा. इथले सीगल हातातून घास नेतात.

दुपारी तीनला जेवण मिळेल अशी आशा धरू नका, बहुतेक स्वयंपाकघरं दोनलाच बंद होतात. शाकाहारी असाल तर 'कोंप्लेत' गॅलेट (गॅलेट म्हणजे इथलं कुट्टूच्या पिठाचं घडी घातलेलं धिरडं) मागवू नका, त्यात हॅम असतं. "साँ जांबों", म्हणजे हॅमशिवाय, एवढं म्हणायला शिका आणि आलेली घडी उलगडून खात्री करून घ्या. अंडंही चालत नसेल तर चीज आणि मशरूमची मागवा, आणि वर सफरचंदाची सिदर. तिच्यात थोडा अल्कोहोल असतो, हे आजोबांना आधी सांगा, नंतर नको.