टायट्रेशनचं रीडिंग १०.८ वर का अडलं होतं?

गोव्यात डिचोलीत बारावीच्या मुलांचं टायट्रेशनचं प्रॅक्टिकल घेत होते, म्हणजे एका द्रावणाची तीव्रता दुसऱ्या, माहीत असलेल्या द्रावणाने मोजायची. बाहेर जुलैचा पाऊस. ०.०५ मोलर (मोलर म्हणजे लिटरमागे किती मोल पदार्थ) ऑक्झॅलिक आम्ल १० मिली, ब्युरेटमध्ये (खुणांच्या, तोटी असलेल्या उभ्या नळीत) ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. आम्लाच्या एका रेणूला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन लागतात, म्हणजे १० मिलीलाच दर्शकाचा रंग गुलाबी व्हायला हवा. रीडिंग आलं ११.३, मग ११.०, मग १०.८.

उतरती रीडिंग पाहून पहिली चूक कळली. ब्युरेट नुसत्या पाण्याने धुतली होती, आतलं पाणी द्रावण पातळ करत होतं. त्याच द्रावणाने दोनदा खळबळून घेतली. (शंकुपात्राला मात्र पाणीच, तिथे आम्लाने धुतलं तर सगळं बिघडतं.) मग तिन्ही वेळा १०.८!

उरलेलं कोडं वॉचग्लासवर (वजनाच्या काचेच्या बशीवर) दिसलं. सोडियम हायड्रॉक्साइडच्या ४ ग्रॅम गोळ्या वजन करेपर्यंत ओल्या, चिकट झाल्या होत्या. आपल्या पावसाळी हवेत सोडियम हायड्रॉक्साइड पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढतं, म्हणजे वजनात पाणीही मोजलं गेलं. गोळ्यांच्या वजनावर विसंबूच नये. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक नीट तोलता येतात, २५० मिलीला १.५७५ ग्रॅम, त्यावरूनच सोडियम हायड्रॉक्साइडची खरी तीव्रता काढली: ०.०९२६ मोलर. बाटलीवर तोच आकडा आणि तारीख लिहिली. दुसऱ्या दिवशी मुलांनी त्याच द्रावणाने घरचं माडाचं व्हिनेगर तपासलं.