स्पेलिंगचा नियम अर्धा पाठ केलात तर: या चुका टाळा

गेली बरीच वर्षं मी इंग्रजी मजकुराची प्रुफं तपासते. नियम माहीतच नाही म्हणून झालेल्या चुका त्यात थोड्या असतात. नियम अर्धाच पाठ केल्याने झालेल्या चुकांनी मात्र पानंच्या पानं भरतात.

सगळ्यांत जास्त त्रास दिला आहे तो 'आय बिफोर ई, एक्सेप्ट आफ्टर सी' या ओळीने. ती सगळ्यांना तोंडपाठ असते, पण तिची अट कुणी सांगत नाही: त्या जोडीचा उच्चार दीर्घ 'ई' असेल तरच ती लागू होते. म्हणून बिलीव्ह, चीफ, फील्डमध्ये आय आधी, आणि सीनंतर येणाऱ्या रिसीव्ह, सीलिंगमध्ये ई आधी. नेबर किंवा आठचा एट यांत उच्चार 'ए' आहे, तिथे हा नियम लावूच नका.

एका नवशिक्या सहकाऱ्याला विज्ञानाच्या पुस्तकात रिसीव्ह दोन ठिकाणी चुकलेलं दिसलं. दोन शब्द हाताने दुरुस्त करायचे सोडून त्याने 'रिप्लेस ऑल' दाबलं: सी-आय-ई दिसेल तिथे सी-ई-आय. सायन्स, सोसायटी, एन्शंट, इफिशंट, स्पीशीज, सगळे शब्द एका झटक्यात मोडले. पॉलिसीज, एजन्सीजसारखी अनेकवचनंही गेली. फाइल त्याच नावाने सेव्ह झालेली. उलटं रिप्लेस करावं तर मुळात बरोबर असलेले रिसीव्ह आणि सीलिंग बिघडणार. शेवटी दोन रात्री बसून आम्ही ओळ न ओळ वाचून काढली. तेव्हापासून स्पेलिंगसाठी मी ते बटण वापरत नाही, आणि कुणी वापरताना दिसलं तर थांबवते.

अट पाळूनही न जुमानणारे शब्द थोडेच आहेत: सीझ, वीअर्ड, प्रोटीन, कॅफीन यांत ई आधी; स्पीशीजमध्ये सीनंतरही आय आधी. पाच-दहा वेळा हाताने लिहा, बसतात.

दुसरं दुखणं शेवटचं व्यंजन डबल करण्याचं. बिगिनिंगमध्ये मधला एन डबल, ओपनिंगमध्ये मात्र एकच, असं का? बिगिन म्हणताना जोर शेवटच्या भागावर पडतो, ओपनमध्ये पहिल्या. रिफर्डमध्ये आर डबल आणि रेफरन्समध्ये एकच, कारण जोर शेवटच्या भागावरून पहिल्या भागावर सरकला. मराठीत अशा आघाताने शुद्धलेखन बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे लागत नाही. मी शब्द मोठ्याने म्हणते आणि जोर येतो तिथे टेबलावर बोट आपटते. घाईत असलेल्यांना हे बालिश वाटतं. त्यांच्याच मजकुरात 'बिगिनिंग' चुकलेलं सापडतं. इथेही अपवाद आहेतच. ट्रॅव्हलमध्ये जोर पहिल्या भागावर, तरी ब्रिटिश पद्धतीत ट्रॅव्हलिंगला एल डबल. अमेरिकन पद्धतीत एकच. दोन्ही बरोबर, पण एका मजकुरात एकच पद्धत ठेवा. फिक्सिंग, शोइंग, प्लेइंगमध्ये एक्स, डब्ल्यू, वाय डबल होत नाहीत.

मेकिंगमध्ये शेवटचा ई गळतो म्हणून नोटिसेबल, चेंजेबलमधला गाळू नका. तो नसेल तर सीचा 'क' आणि जीचा 'ग' होईल. उलट आर्ग्युमेंट आणि ट्रूलीमध्ये नियमाने राहायला हवा तो ई गळतो.

सेड, पेड, लेडमध्ये वायचा आय होतो, प्लेडमध्ये होत नाही. कारण शोधत बसू नका, लिहून टाका.

एक्सीड, प्रोसीड, सक्सीडमध्ये शेवटी डबल ई, पण प्रोसीजरमध्ये एकच. सुपरसीडचा शेवट एस-ई-डी-ई असा, आणि तसा तो एकटाच.

स्पेलचेकवर सोपवून मोकळं होणाऱ्यांसाठी एक शब्द राखून ठेवला आहे: डाइंग. कापड रंगवण्याच्या डाइंगमध्ये वायनंतर ई राहतो, मरण्याच्या डाइंगमध्ये नसतो. दोन्ही शब्द खरे, त्यामुळे खाली लाल रेघ येतच नाही.