रोलप्लेमध्ये गेमचा लोर सांभाळून पात्र कसं उभं करावं

‘द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’मध्ये रोलप्ले करणारा, म्हणजे पात्राच्या भूमिकेत शिरून बोलणारा एखादा नवा खेळाडू मद्यालयात शिरतो आणि तोंडभरून म्हणतो, “टॅलोस तुमचं रक्षण करो!” याच मालिकेतला ‘स्कायरिम’ खेळून आलेल्याला यात काहीच वावगं वाटत नाही. जुने खेळाडू मात्र कपाळाला हात लावतात. ‘स्कायरिम’ घडतं चौथ्या युगाच्या 201 साली आणि हा ऑनलाइन गेम सुरू होतो दुसऱ्या युगाच्या 582 साली. मध्ये साडेनऊशेच्या आसपास वर्षं आहेत. पुढे टॅलोस म्हणून पुजला गेलेला टायबर सेप्टिम तेव्हा जन्मालाही आलेला नाही.

चूक बारीकच, पण त्या टेबलाभोवती बसलेल्यांनी आपापली पात्रं याच इतिहासाच्या भरवशावर रचलेली असतात. लोर, म्हणजे गेमच्या जगाचा ठरलेला इतिहास आणि नियम, सांभाळायचा तर अख्खा विकी पाठ करायचा, असं अनेकांना वाटतं आणि तिथेच ते कंटाळतात. तेवढं करावं लागत नाही. आपल्या पात्राच्या आयुष्याला जेवढा लोर शिवतो, तेवढा नीट माहीत असला की पुरे.

1. आधी साल आणि सत्ता बघा

पात्राचं नाव ठरवायच्या आधी हे शोधा: गेम कोणत्या काळात घडतो, तेव्हा राज्य कोणाचं आहे आणि तुमच्या वंशाचं शेजाऱ्यांशी पटतं की नाही. बहुतेक ठळक चुका इथेच टळतात. ‘स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक’ हा गेम चित्रपटांच्या तीन हजारांहून अधिक वर्षं आधी घडतो. तिथल्या शिपायाने डार्थ वेडरच्या आठवणी सांगितल्या तर समोरच्याने काय उत्तर द्यायचं?

2. माहिती कुठून घ्यायची

पहिला मान गेमचाच. क्वेस्टमधले (मोहिमांमधले) संवाद, कपाटांतली पुस्तकं, रस्त्यावरच्या एनपीसींची (गेमच चालवतो त्या पात्रांची) बडबड, सगळं वाचा. मग चाहत्यांचे विकी. एल्डर स्क्रोल्ससाठी ‘यूईएसपी’ हे संकेतस्थळ 1995पासून चालू आहे. विकी वाचताना वाक्याखालचा संदर्भ बघायची सवय लावा. संदर्भ नसेल तर ती कुणाची तरी थिअरी असण्याची शक्यता धरा. व्हिडिओंमधल्या थिअरी ऐकायला झकास असतात, पण त्यांच्यावर पात्राचा डोलारा उभा करू नका.

3. मोकळी जागा शोधा, पात्र तिथे बसवा

राजे, सेनापती, देव यांच्या कहाण्या लेखकांनी आधीच लिहून ठेवल्या आहेत. त्यांत घुसलात की अडकलात. राजाची हरवलेली मुलगी, शेवटचा ड्रॅगन, देवाचा अंश असली पात्रं म्हणूनच लवकर कोसळतात: त्यांना खरं मानायचं तर बाकी सगळ्यांचा इतिहास बदलावा लागतो.

सामान्य माणसांकडे मात्र भरपूर मोकळी जागा असते. हेच बघा. ‘एल्डर स्क्रोल्स’च्या दुसऱ्या युगात, 572 साली, अकाविर खंडातून आलेलं आक्रमण परतवताना डार्क एल्फ, नॉर्ड (उत्तरेकडची माणसं) आणि आर्गोनियन (सरड्यासारखे लोक) हे वंश एकत्र लढले आणि त्यातून एबनहार्ट पॅक्ट ही युती जन्माला आली. त्याआधी डार्क एल्फ आर्गोनियनांना गुलाम म्हणून राबवत होते. पॅक्टमध्ये आलेल्यांना ते सोडावं लागलं. टेलव्हानी हे डार्क एल्फांचं घराणं पॅक्टमध्ये सामील झालंच नाही आणि त्याने गुलाम ठेवणं चालूच ठेवलं.

आता तिशीतला एक आर्गोनियन नावाडी घ्या. गेम सुरू होतो तेव्हा युतीला जेमतेम दहा वर्षं झालीत, म्हणजे विशीपर्यंत तो मळ्यावर राबलेला असणार. आज त्याच्या नावेत जुन्या मालकाच्या वयाचा डार्क एल्फ सैनिक बसतो आणि भाडं पुढे करतो. नावाडी पैसे मोजून घेतो का? नजर देतो का? त्याची बहीण टेलव्हानी हद्दीत मागेच अडकली असेल तर? लोरमधली एकही ओळ न मोडता महिनोन्महिने पुरेल एवढी गोष्ट तयार आहे.

4. गेमची सोय म्हणजे लोर नव्हे

‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’च्या मुख्य कथेत प्रत्येक खेळाडू आत्मा गमावलेला तो एकमेव नायक असतो. मद्यालयात बसलेले चाळीसही जण तेच कसे असतील? रोलप्लेमध्ये ही कथा बाजूला ठेवायचा रिवाज आहे, तो पाळा. क्लासचंही (पात्राच्या लढण्याच्या प्रकाराचंही) तसंच. 2019मध्ये नेक्रोमान्सर (मृतांना उठवणारा जादूगार) खेळता येऊ लागला म्हणून मृतांना उठवणं समाजमान्य झालं नाही. शहरात लोकांदेखत त्यातले काही मंत्र वापरले तर खुद्द गेमच तुम्हाला गुन्हेगार ठरवतो. तुमचा नेक्रोमान्सर चौकात सांगाडे नाचवत असेल तर बाकीच्यांनी दचकायचं की दुर्लक्ष करायचं, हा पेच तुम्ही त्यांच्यावर लादता.

5. पात्राचं अज्ञान वेगळं, तुमचं वेगळं

गेममधली पुस्तकं त्या जगातल्याच लोकांनी ‘लिहिलेली’ असतात आणि बऱ्याचदा एकमेकांना खोटं पाडतात. त्यामुळे तुमचं पात्र चुकीचं बोलू शकतं, नव्हे, बोलावंच. खेडूत नॉर्डने एल्फांबद्दल भलत्या अफवा सांगितल्या तर सीन रंगतो. फक्त ती चूक पात्राची आहे हे समोरच्याला कळू द्या. उलट बाजूने, विकीवर वाचलेलं गुपित पात्राच्या तोंडी घालणं म्हणजे मेटागेमिंग. लोर बिनचूक असला तरी तो रसभंगच.

6. दुसऱ्याचं चुकलं तर

चालू सीनमध्ये सगळ्यांसमोर दुरुस्ती करू नका. खासगी मेसेज टाका: “सीन मस्त चाललाय! एक सांगू? या काळात टॅलोस अजून नाही, नॉर्ड लोक काईन देवीचं नाव घेतात. हवं तर तसं वापरून बघा.” चूक दाखवताना हाताशी पर्याय द्यायचा, म्हणजे समोरचा खट्टू होत नाही. ऐकलं नाही तर वाद घालत बसू नका. आपलं पात्र दुसऱ्या टेबलाकडे वळवा. आणि काही गिल्ड (खेळाडूंचे गट) मुद्दाम वेगळा इतिहास खेळतात. तिथे त्यांची नियमावली मोठी, तुमचा विकी नाही.

7. लोरच बदलला तर

बदलतो. ‘वॉरक्राफ्ट’च्या जुन्या कथेत एरेडार नावाच्या वंशाच्या दुष्टपणामुळे सार्गेरास हा देवासारखा बलाढ्य टायटन बिघडला होता. 2007च्या ‘द बर्निंग क्रुसेड’ने हे उलटं केलं: सार्गेरासनेच एरेडारांना नादी लावलं आणि त्यांतले जे निसटले ते ड्रेनाय झाले. अशा रेटकॉनने (जुना लोर मागाहून बदलण्याने) तुमच्या पात्राचं मूळच हललं तर पार्श्वकथेतल्या दोन ओळी बदला आणि नेहमीच्या सोबत्यांना तसं सांगून ठेवा. जुने सीन खोडायची गरज नसते. पात्राला तेव्हा तसं ठाऊक होतं, एवढं बहुतेक वेळा पुरतं.