सरपण उघड्यावर ठेवायचं, पण कुजू द्यायचं नाही

कोकणात आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, तोंडावर खळ्याखळ्यात निळी ताडपत्री दिसू लागते. खाली वर्षभराचं सरपण, ताडपत्री चारी बाजूंनी जमिनीपर्यंत ओढलेली, काठांवर जांभ्या दगडाचे चिरे. मग गणपतीला माणसं घरी येतात, न्हाणीची चूल सकाळपासून पेटती ठेवावी लागते आणि खालची लाकडं पांढऱ्या बुरशीने माखलेली निघतात. दोष पावसाला दिला जातो. पाऊस तर ताडपत्रीच्या बाहेरच पडत होता. लाकूड कुजवलं आत कोंडलेल्या ओलीने.

पडवीत किंवा मांगरात (घराबाहेरच्या खोपटात) जागा असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. हे उघड्यावर, जांभ्या जमिनीवर, वर्ष-दोन वर्षं लाकूड ठेवणाऱ्यांसाठी आहे.

तोड, फोड, ऊन

दिवाळीनंतर तोड सुरू करून माघापर्यंत संपवा आणि लगेच फोडा. ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ ही झाडं स्वतःच्या जागेतली असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्यात येतात, तेव्हा परवानगी आधी. मनगटापेक्षा जाड काही अख्खं ठेवू नका. साल सुटत असेल तर काढून टाका. पोखरणारे भुंगे सालीवर आणि सालीखाली अंडी घालतात, शिवाय साल ओल धरून ठेवते. पांगारा, सावर असली हलकी लाकडं साठवूच नका, चैत्रापर्यंत जाळून टाका. वैशाखाचं ऊन खाल्लं की टोकांना चिरा पडतात आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर टणक आवाज येतो. बद्द आवाज आला तर लाकूड अजून ओलं आहे. वळवाच्या आधी, 15 मेपर्यंत, लाकडांची गंज रचून झाली पाहिजे.

बैठक

उंचवट्याची, वारा खेळणारी जागा निवडा. घराच्या भिंतीपासून दोन हात तरी लांब, नाहीतर गंजीतली वाळवी घरात शिरते. चढाच्या बाजूला चर खणा. दोन थर चिरे मांडून त्यांवर कुंपणाचे जुने सिमेंटचे खांब किंवा लोखंडी पाइप आडवे टाका. पोफळीच्या फाळी टाकू नका, लाकडाच्या आधी त्याच कुजतात.

वाळवी जमिनीतून येते आणि तिला ओल व काळोख लागतो. ती मातीची नळी बांधत चढते, म्हणून सहसा दिसते. पण जांभा सच्छिद्र असतो. त्याच्या भोकांतून, दोन चिऱ्यांच्या सांध्यातून ती आतल्या आत वर पोहोचते आणि बाहेरून काही कळत नाही. यावर उपाय स्वस्त आहे. चिऱ्यांच्या प्रत्येक थप्पीवर पत्र्याचा तुकडा ठेवा, चारी बाजूंनी तीन बोटं बाहेर आलेला, कडा खाली वाकवलेल्या. पत्र्याने वाळवी मरत नाही, पण तिला पत्र्याच्या कडेवरून उघड्यावर यावं लागतं. नळी दिसली की काठीने मोडायची.

राखेचं कडं, मीठ, कडुलिंबाचा पाला हे सल्ले सोडून द्या. राख पहिल्या मोठ्या सरीत वाहून जाते. आणि कीटकनाशक किंवा गाडीचं काळं ऑइल सरपणावर कुणी मारायला सांगितलं तर साफ नाही म्हणा. तेच लाकूड चुलीत जाणार आहे आणि त्याचा धूर चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत जाणार आहे.

रचणं

एकाच लाकडाच्या लांबीएवढी रुंद, छातीएवढी उंच गंज रचा. दोन्ही टोकांना आडवी-उभी लाकडं लावा म्हणजे ढासळत नाही. ठासून भरू नका.

झाकण

खरी कसोटी इथे आहे, आणि मलाही सगळ्यात जास्त काळ हाच टप्पा नडला.

आधी कारण समजून घ्या. 20 टक्क्यांपेक्षा कमी ओल असलेलं लाकूड कुजत नाही. त्याच्या वर ओल गेली की बुरशीला वाव मिळू लागतो. आषाढ-श्रावणात किनारपट्टीची हवाच इतकी दमट असते की पावसाचा एक थेंबही न लागलेलं लाकूड हवेतली ओल पिऊन 18-20 टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे आपण आधीच काठावर उभे असतो. वाहता वारा लाकडाला या काठावर धरून ठेवतो. वारा अडवला की ते पलीकडे गेलंच म्हणून समजा.

जमिनीपर्यंत ओढलेली ताडपत्री नेमका वाराच अडवते. खालची माती सतत वाफ सोडत असते. श्रावणात मध्येच ऊन पडतं, ताडपत्री तापते, आतली हवा लाकडातली आणि मातीतली ओल उचलते. रात्री ताडपत्री गार झाली की तीच ओल आतून थेंब होऊन लाकडांवर ठिबकते. हे रोज चालतं. वरून हात लावला तर सगळं कोरडं वाटतं, मधल्या थरात मात्र अळंबी उगवलेली असते.

म्हणून छप्पर करा, पांघरूण घालू नका. चार डांभांवर (खांबांवर) पन्हळी पत्रा, एका बाजूला उतार, गंजीचा माथा आणि पत्रा यांत वीतभर मोकळी जागा. पागोळ्या गंजीपासून हातभर लांब पडल्या पाहिजेत. पत्र्यावर नुसते चिरे ठेवून भागत नाही. 3 जून 2020 चं निसर्ग आणि मे 2021 मधलं तौक्ते आठवा. दोन्ही वादळं नीट पावसाळा लागायच्या आधी आली. पत्रा तारेने डांभांना बांधा, डांभ दीड हात खोल गाडा.

आता झड, म्हणजे वाऱ्याबरोबर तिरका येणारा पाऊस. 'बाजू उघड्या ठेवा' हा सल्ला सगळे देतात, पण तो जसाच्या तसा कोकणात चालत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा समुद्रावरून तिरका येतो. गंजीची लांब बाजू पश्चिमेला असेल तर वरचं छप्पर असून नसल्यासारखं. तेव्हा रचतानाच गंजीचं अरुंद टोक पश्चिमेकडे, शक्य तर नैर्ऋत्येकडे करा. झड तेवढ्या टोकावर येते आणि वारा दोन्ही लांब बाजूंना घासत जातो. त्या टोकाला माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं उभी बांधा. ती लाकडाला चिकटू देऊ नका, वीतभर पुढे ठेवा, आणि खाली गुडघ्याएवढी जागा उघडी सोडा. झापांतून वारा येतो, धार तुटते. तिथे प्लास्टिक लावलंत तर पुन्हा तोच कोंडमारा.

लांब बाजू थोड्या भिजतील. भिजू द्या. वरवरचं पाणी उघडीप मिळाली की वाऱ्याने उतरतं. ओली बाजू बघून घाबरून ताडपत्री ओढणारेच लाकूड घालवतात.

ताडपत्रीशिवाय पर्याय नसेल तर मध्ये आडवा बांबू बांधून तिचंच छप्पर करा आणि दोन्ही कडा गंजीच्या निम्म्याहून खाली येऊ देऊ नका.

पावसाळ्यात आणि नंतर

आठवड्यातून एकदा बॅटरी घेऊन खालून बघा, नळ्या मोडा. वादळात पडलेलं ओलं लाकूड सुक्या गंजीत कधीही मिसळू नका. सोलून, फोडून वेगळ्या बैठकीवर ठेवा आणि पुढच्या उन्हाळ्याआधी त्याकडे बघू नका. लाकूड काढताना हात आत घालायचा नाही. आधी काठीने हलवायचं, फुरसं आणि विंचू दोघांनाही कोरडी जागा आवडते. दोन-चार दिवसांचं सरपण चुलीजवळ आणून ठेवलं की तिथल्या उबेने उरलेली ओल जाते.

कोजागिरीच्या सुमाराला पाऊस ओसरला की गंज पूर्ण सोडा, ऑक्टोबरचं ऊन आठवडाभर द्या आणि पुन्हा रचा. दुसरा पावसाळा काढायचा असेल तर हे टाळून चालणार नाही. सोडताना ज्या लाकडांखाली पिठासारखा भुगा पडलेला दिसेल ती बाजूला काढा आणि सगळ्यात आधी जाळा. हा भुगा पोखरणाऱ्या भुंग्यांचा, आणि ते बांबू-वेतालाही लागतात, म्हणून घरात बांबूचं छप्पर किंवा वेताच्या खुर्च्या असतील तर ही लाकडं घरात आणू नका, बाहेरच्या चुलीतच संपवा.