बॅरोमीटरचा ड्रायव्हर लिहिताय? बेळगावात १०१३ शोधू नका

मोबाईलचे सेन्सर ड्रायव्हर, म्हणजे सेन्सरशी बोलून आकडे आणणारे प्रोग्रॅम, लिहायला शिकायचं तर पहिल्याच दिवशी फोनला हात घालू नका. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि बॉशचा बीएमपी२८० हा दाब मोजणारा सेन्सर एवढ्यावर सुरुवात करा. अँड्रॉइडच्या खालीही लिनक्स कर्नलच (सिस्टिमचा गाभा) असतं, त्यामुळे इथं शिकलेलं तिथं उपयोगी पडतं.

सगळ्यात घातक चूक आधी सांगतो. ड्रायव्हर ९२७ हेक्टोपास्कल दाखवतो, हवामानाचं अ‍ॅप १०११ दाखवतं, मग कोडमध्ये ८४ मिळवून आकडा जुळवला जातो. हे अजिबात करू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे. इथं ९२५-९३०च्या आसपासचाच आकडा खरा. निपाणी आणखी खाली, तिथं तोच सेन्सर जास्त दाखवेल. अ‍ॅपमधला आकडा समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो; शीर्षकातला १०१३ हाही समुद्रसपाटीचाच प्रमाण दाब. तुमचा ड्रायव्हर बरोबरच होता; ८४ मिळवलेत की उंचीच्या हिशेबात बेळगावातली टिळकवाडी थेट गोव्याच्या किनाऱ्यावर जाऊन बसते. ड्रायव्हरनं मोजलेला दाब जसाच्या तसा द्यावा, उंची वरच्या थरात काढावी.

आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवर चिपच सापडत नसेल तर तिचा पत्ता ठरवणारी एसडीओ पिन बघा. ती ग्राउंडला जोडली तर पत्ता हेक्स ७६, व्होल्टेजला जोडली तर ७७. मोकळी सोडायची नाही. मग हेक्स डी० रजिस्टर (चिपमधली नोंदीची जागा) वाचा. ५८ आलं तर बीएमपी२८०, ६० आलं तर आर्द्रताही मोजणारा बीएमई२८०. बोर्डावर काय छापलंय यावर जाऊ नका.

कच्चा आकडा ५,२४,२८८ वर अडकून बसलाय? वायरिंग उसकटू नका. वीज दिल्यावर ही चिप स्लीप मोडमध्येच असते आणि मोजमाप झालेलं नसताना हाच आकडा देते. हेक्स एफ४ मध्ये मोड आणि ओव्हरसॅम्पलिंग (एका आकड्यासाठी किती वेळा मोजायचं ते) लिहा. तापमानाचं मोजमापही चालू ठेवा, कारण दाबाच्या सूत्राला तापमानातून निघालेली किंमत लागते.

आकडा हलतोय पण भलताच येतोय, तर कॅलिब्रेशनचे गुणक, म्हणजे कच्च्या आकड्यावरून खरा दाब काढायला चिपमध्ये साठवलेल्या किमती, तपासा. टी१ आणि पी१ बिनचिन्ही (अनसाइन्ड), बाकीचे सगळे चिन्हासह. पी२ सहसा ऋण असतो. तो बिनचिन्ही वाचला की सगळं गणित कोसळतं. शिवाय गुणकांचा खालचा बाइट आधी येतो आणि मोजमापाचा वरचा. इथं भलेभले अडकतात, म्हणून डेटाशीटमधलं सोडवलेलं उदाहरण आधी आपल्या फंक्शनमधून काढून बघा.

दहापटीचा फरक दिसला तर एकक बघा: लिनक्सचं आयआयओ (सेन्सरसाठीची व्यवस्था) किलोपास्कल मागतं, अँड्रॉइड हेक्टोपास्कल.

पुढं हालचाल मोजणाऱ्या अ‍ॅक्सेलरोमीटरकडे वळलात की इंटरप्ट, म्हणजे सेन्सरनं प्रोसेसरला मारलेल्या हाका, येतील. ही हाक तत्काळ घेणाऱ्या हार्ड इंटरप्ट हँडलरमध्ये आयटूसी वाचू नका, तो व्यवहार झोपू शकतो (वाट बघत थांबू शकतो) आणि तिथं झोपता येत नाही. वेगळ्या थ्रेडमध्ये चालणारा थ्रेडेड हँडलर घ्या.

आणि बॅरोमीटरची खरी चाचणी जिन्यावर होते. एक मजला, म्हणजे तीनेक मीटर चढलात की आकडा साधारण ०.३ हेक्टोपास्कलनं उतरला पाहिजे. तेवढा फरक गोंगाटात बुडत असेल तर ओव्हरसॅम्पलिंग वाढवा, फिल्टर चालू करा आणि पुन्हा गच्चीवर जा.